वीज तारेतून जाते की तारेबाहेरून? दोन अभ्यासक्रमांमधल्या फटीविषयी

मागच्या वेळी शेवटी प्रश्नांना वेळ पुरला नाही. नंतर जे प्रश्न लेखी आले, त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता : "मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला आहे, पण ओढ भौतिकशास्त्राची आहे. दोन्ही एकदम शिकू का?" २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मुभा दिली, तेव्हापासून हा प्रश्न नुसता हौसेचा राहिलेला नाही. त्यात फी आहे, उमेदीची वर्षं आहेत, घरच्यांची समजूत घालणं आहे. म्हणून आजचा विषय जरा बदलला.

सल्ला लगेच देणार नाही. आधी पुस्तकांकडे बघू. कारण दोन्ही विषय एकदम शिकणाऱ्याला वर्गात काय मिळेल ते नशिबावर आहे, पण टेबलावर तीच तीन-चार पुस्तकं येणार आहेत. एका बाजूला हेट यांचं 'इंजिनिअरिंग इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स', दुसऱ्या बाजूला ग्रिफिथ्स यांचं 'इंट्रोडक्शन टु इलेक्ट्रोडायनॅमिक्स', आणि दोन्हीकडचे लोक ज्याची शपथ घेतात तो फाइनमन यांच्या व्याख्यानांचा दुसरा खंड. या तिघांना आपण एकच प्रश्न विचारणार आहोत.

एक खुलासा. आज 'आम्ही' म्हटलं की ते मोठेपणाचं 'आम्ही' नव्हे. एका वर्गातले आम्ही तिघं होतो, दिवसा इलेक्ट्रिकल आणि संध्याकाळी भौतिकशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर. आज बोलतोय त्यांतला एक, पण टिपणं तिघांची आहेत.

तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्यातल्या एकाला अगदी सोपा प्रश्न विचारला. बॅटरीपासून दिव्यापर्यंत ऊर्जा कशी जाते? तो नुकताच संध्याकाळच्या वर्गातून शिकून आला होता. म्हणाला, "तारेच्या बाहेरून, सर. तारेभोवतीच्या क्षेत्रातून." परीक्षक हसले. "ते फिजिक्सवाल्यांचं झालं. आपल्या विषयातलं सांगा." बरं, याच्या उलट अनुभवही त्याच महिन्यात आला. संध्याकाळच्या वर्गात आम्ही विचारलं की लांब लाइनचं पलीकडचं टोक उघडं ठेवलं तर तिथला व्होल्टेज अलीकडच्यापेक्षा जास्त का भरतो? उत्तर मिळालं, "ते इंजिनिअरिंग आहे, तिकडे विचारा." म्हणजे प्रश्न दोन, आणि दोन्ही दारांवर पाटी एकच : पलीकडे चौकशी करा. वाईट वाटलं ते याचं की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. ते कसं, हे आज सांगायचंय.

तर आपला प्रश्न. [फळ्यावर आकृती काढतात.] डावीकडे बॅटरी, उजवीकडे दिवा, मध्ये दोन तारा. दिव्यात ऊर्जा खर्च होते, ती बॅटरीतून येते. मधल्या वाटेत ती कुठे असते?

सर्किटच्या पेपरात हा प्रश्नच उद्भवत नाही. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, विषय संपला. डोक्यात मात्र एक चित्र बसलेलं असतं, नळातल्या पाण्याचं. इलेक्ट्रॉन बॅटरीत ऊर्जा भरून घेतात, तारेतून वाहत जातात आणि दिव्यात ती ओततात. हे चित्र आकड्यांपुढे एक मिनिट टिकत नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घ्या, एक अँपिअर प्रवाह सोडा. इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. एक मीटर जायला पावणेचार तास. दिवा तर बटण दाबताक्षणी लागतो. आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या प्रवाहात हे इलेक्ट्रॉन कुठे जातच नाहीत, जागच्या जागी सुमारे पाव मायक्रॉन मागेपुढे हलतात. पोस्टमन घराबाहेर पडलेलाच नाही आणि पत्र मात्र पोचलंय, असा प्रकार.

आता पुस्तकं. हेट यांचं पुस्तक तुम्ही वापरलं असेल तर ठाऊक असेल, त्यात पारेषण लाइन उभी करतात ती तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक इवल्याशा लांबीला थोडा रोध, थोडा इंडक्टन्स, थोडा कपॅसिटन्स, दोन तारांमधली थोडी गळती. त्यांची साखळी जोडा आणि त्यातून लाटेचं समीकरण निघतं. हे काम हेट फार चोख करतात. गणितं भरपूर, आकडे खऱ्या केबलींसारखे, विद्यार्थ्याचा हात बसतो. पॉइंटिंगचा सिद्धांतही पुस्तकात आहे, पण तो मोकळ्या अवकाशातल्या लाटांच्या सोबत. ज्या लाइनवर इतकी गणितं केली, त्याच लाइनकडे त्या सिद्धांताच्या नजरेने परत येऊन बघणं आमच्या वाचनात तरी कधी घडलं नाही. विद्यार्थ्याचा समज होतो की पॉइंटिंग अँटेनावाल्यांसाठी, आणि तारवाल्यांसाठी व्होल्टेज-करंट.

ग्रिफिथ्स यांच्याकडे उलट आहे. त्यांच्या आठव्या प्रकरणात, अगदी सुरुवातीलाच, प्रवाह वाहणाऱ्या तारेचं उदाहरण आहे. तारेच्या पृष्ठभागावर विद्युतक्षेत्र तारेच्या दिशेने, चुंबकीय क्षेत्र तारेभोवती गोल. दोघांचा सदिश गुणाकार तारेच्या आत, मध्याकडे बोट दाखवतो. सगळ्या पृष्ठभागावर बेरीज केली की बरोबर व्होल्टेज गुणिले करंट. म्हणजे तार तापते ती ऊर्जा बाजूने, बाहेरून आत शिरलेली असते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आम्ही तिघं वसतिगृहाच्या गच्चीवर रात्री दोनपर्यंत भांडलो होतो. उदाहरण सुंदरच आहे. पण इलेक्ट्रिकलच्या माणसाला ते अर्धवट वाटतं, कारण ते सांगतं तारेत वाया गेलेल्या ऊर्जेबद्दल. आम्हाला हवं होतं दिव्यापर्यंत पोचलेल्या ऊर्जेचं. तार आदर्श मानली, रोध शून्य, तर त्या उदाहरणातला प्रवाहच शून्य होतो, आणि दिवा तर लागलेलाच असतो! ग्रिफिथ्स यांच्यावर अन्याय नको. पुढे सरावाच्या गणितात समाक्ष केबल दिलेली आहे, आणि उत्तर तिथे दडलेलं आहे. आमच्याकडे ते गणित "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडून दिलं होतं.

ते गणित इथे करूनच टाकू, दोन मिनिटांचं आहे. मध्ये एक तार, भोवती नळीसारखा बाहेरचा वाहक. दोघांमध्ये व्होल्टेज असल्यामुळे विद्युतक्षेत्र आतून बाहेर, किरणांसारखं. प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र गोल गोल. दोन्ही क्षेत्रं अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात. त्यांचा गुणाकार केबलच्या लांबीच्या दिशेने, बॅटरीकडून दिव्याकडे. आता दोन वाहकांमधल्या पोकळ जागेवर त्याची बेरीज करा. भूमितीतून आलेले लॉगॅरिदम वर-खाली सारखे येतात, कटतात, आणि उरतं काय? व्होल्टेज गुणिले करंट. पहिल्या वर्षी सर्किटच्या पेपरात गृहीत धरलेलं सूत्र इथे क्षेत्राच्या बेरजेतून बाहेर पडलं. बेरीज कुठल्या जागेवर केली ते लक्षात घ्या. तांब्यात नाही, मधल्या निरोधकात. तोंडी परीक्षेतला आमचा मित्र बरोबर होता आणि परीक्षकांचं सूत्रही बरोबर होतं. दोघांच्या मध्ये हे एक गणित उभं होतं आणि ते कोणीच केलं नव्हतं.

पण तारेच्या बाहेर हे आडवं विद्युतक्षेत्र आलं कुठून? तारेच्या पृष्ठभागावर बसलेल्या विद्युतभारातून. प्रवाह वाहणारी तार बाहेरून कोरी नसते, तिच्या सालीवर किंचित भार जमलेला असतो. तोच आतल्या क्षेत्राला तारेच्या वळणांप्रमाणे वळवतो आणि बाहेरही क्षेत्र पसरवतो. किंचित म्हणजे किती? मघाच्याच तारेला काटकोनात वळवा. एक अँपिअर प्रवाहाला त्या कोपऱ्यात वळवायला लागणारा भार गाउसच्या नियमाने ढोबळ काढला, तर येतो सुमारे १.५ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम. म्हणजे जवळजवळ एका इलेक्ट्रॉनाइतका! हा आकडा आम्हाला दोन्ही वर्गांत मिळून एकदाही कोणी दिला नाही. चाबे आणि शेरवुड यांच्या 'मॅटर अँड इंटरॅक्शन्स' या पुस्तकात सर्किट शिकवायची सुरुवातच या पृष्ठभारापासून आहे. तसं सगळीकडे का होत नाही, कळत नाही.

आता फाइनमन. इथे जरा थांबायला हवं, कारण टीका करायची तर मोठ्या माणसावर नीट करावी. १९६१ ते १९६३ या दोन वर्षांत कॅल्टेकच्या नवख्या विद्यार्थ्यांपुढे दिलेली ही व्याख्यानं. स्वतः फाइनमन एमआयटीत गणितातून इलेक्ट्रिकलमध्ये आणि तिथून भौतिकशास्त्रात आलेले. त्यामुळे दुसऱ्या खंडात सर्किटवाल्यांबद्दल कुठे तुच्छता नाही. बाविसावं प्रकरण बघा. किरचॉफचे नियम आकाशातून पडत नाहीत, मॅक्सवेलच्या समीकरणांतून ते कोणत्या अटींवर निघतात हे तिथे उघड सांगितलंय. इंडक्टरच्या बाहेर त्याचं चुंबकीय क्षेत्र सांडायचं नाही, ही अट. अट मोडली की 'दोन टोकांमधला व्होल्टेज' या शब्दालाच नक्की अर्थ राहत नाही. सर्किटचा अख्खा अभ्यासक्रम या वाक्यावर उभा आहे, आणि आम्हाला ते सर्किटच्या वर्गात कळलं नाही.

तेविसावं प्रकरण तर आमच्या मते त्या खंडातलं सर्वांत देखणं. एक साधा कपॅसिटर घेतात आणि वारंवारता हळूहळू वाढवत नेतात. बदलत्या विद्युतक्षेत्राने चुंबकीय क्षेत्र, त्याने विद्युतक्षेत्रात दुरुस्ती, दुरुस्तीची दुरुस्ती. त्या मालिकेतून बेसेल फलन उमलतं. एका ठिकाणी क्षेत्र शून्य होतं, तिथे पत्र्याची भिंत घालता येते, आणि कपॅसिटरचा झाला बंद डबा, स्वतःच्या वारंवारतेने घुमणारा. सुटा भाग कुठे संपतो आणि क्षेत्र कुठे सुरू होतं, त्या सीमारेषेवरून हात धरून चालवत नेणं म्हणजे हे.

आणि मग सत्ताविसावं प्रकरण, जिथे आमचा मतभेद आहे. इथे पॉइंटिंग सिद्धांत येतो, भरणाऱ्या कपॅसिटरचं आणि तारेचं उदाहरण येतं, ऊर्जा बाहेरून आत शिरते हे येतं. आणि मग फाइनमन विद्यार्थ्याला धीर देतात. सारांश असा की हे अंतर्ज्ञानाच्या विरुद्ध आहे खरं, पण घाबरू नका. ऊर्जा तारेच्या बाहेरून येते हे अधूनमधून विसरलात तरी बिघडत नाही, ती नेमक्या कोणत्या वाटेने जाते हे बघण्याचा क्वचितच उपयोग होतो.

क्वचितच? भौतिकशास्त्रज्ञाला कदाचित. (त्याच प्रकरणात पुढे क्षेत्राच्या संवेगाने सतराव्या प्रकरणातलं फिरत्या तबकडीचं कोडं ते सोडवतातच, म्हणजे त्यांनाही उपयोग झाला.) पण इलेक्ट्रिकलच्या इतिहासात या 'क्वचित'ची किंमत केवढी होती, ते सांगतो.

पॉइंटिंग यांचा निबंध १८८४ सालचा. त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, ऑलिव्हर हेविसाइड त्याच निष्कर्षावर आले. हा माणूस सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, तार खात्यासारख्या कामात काही वर्षं काढलेला, १८७४ मध्ये नोकरी सोडून घरी बसून मॅक्सवेल वाचणारा. आज आपण ज्या चार ओळींना मॅक्सवेलची समीकरणं म्हणतो, तो सदिश आटोपशीर साचा मुख्यतः यांचा. हेविसाइड यांनी ठरवलं की ऊर्जा तारेतून जातच नाही. ती भोवतालच्या निरोधकातून जाते, तार फक्त तिला वाट दाखवते. इथवर तत्त्वज्ञान वाटेल. पण मग त्यांनी विचारलं, लांबच्या तारेत बोलणं विस्कटतं का?

तोवर सगळ्यांच्या डोक्यात विल्यम थॉमसन यांचा १८५५ च्या सुमाराचा समुद्री केबलचा हिशोब होता. त्यात रोध आणि कपॅसिटन्स एवढेच. संदेश तारेत झिरपतो, उष्णता लोखंडात झिरपते तसा, आणि लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट. सावकाश चालणाऱ्या समुद्री तारायंत्राला हे ठीक. ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे अभियंते विल्यम प्रीस यांनी तोच हिशोब टेलिफोनलाही लावला. इंडक्टन्स म्हणजे त्यांच्या मते शत्रू, होईल तितका काढून टाकायचा. हेविसाइड यांच्या चित्रात ऊर्जा बाहेरच्या क्षेत्रात होती, म्हणून चुंबकीय क्षेत्राला म्हणजे इंडक्टन्सला तिथे मानाचं स्थान होतं. १८८७ मध्ये त्यांनी दाखवलं की रोध भागिले इंडक्टन्स आणि गळती भागिले कपॅसिटन्स ही दोन गुणोत्तरं सारखी केली, तर लाट लहान होईल पण विस्कटणार नाही. आणि खऱ्या तारांमध्ये ते साधायचा मार्ग म्हणजे इंडक्टन्स वाढवणे. खात्यातल्या समजुतीच्या अगदी उलट. ऑलिव्हर यांचे भाऊ आर्थर पोस्ट खात्यात अभियंता होते. दोघांनी मिळून लिहिलेला निबंध प्रीस यांनी अडवला. पुढे अमेरिकेत १९०० मध्ये मायकेल प्युपिन यांना लाइनमध्ये ठरावीक अंतरावर कॉइल घालण्याचं पेटंट मिळालं, बेल कंपनीत कॅम्पबेल यांनीही तेच काम केलं, आणि लांब पल्ल्याचा टेलिफोन बोलू लागला.

प्रीस मूर्ख नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांचा तारांचा अनुभव दांडगा होता. चित्र मात्र चुकीचं होतं, आणि ते तपासायला लागणारं गणित 'पलीकडच्यांचं' म्हणून त्यांनी झटकलं. आमच्या तोंडी परीक्षेतलं ते हसू आठवा.

उलट दिशेनेही देणं आहेच. पॉल डिरॅक यांची पहिली पदवी १९२१ ची, ब्रिस्टलची, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. नोकरी मिळेना म्हणून गणित शिकले आणि १९२३ मध्ये केंब्रिजला गेले. अभियांत्रिकीने आपल्याला अंदाजी हिशोबांची भीती घालवायला शिकवलं, असं त्यांनी पुढे सांगितलेलं आहे. जॉन बार्डीन यांच्याही बीएस आणि एमएस या पदव्या विस्कॉन्सिनच्या, इलेक्ट्रिकलच्याच. नंतर भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा, १९५६ आणि १९७२. ही नावं घरच्यांना पटवायला उपयोगी आहेत, एवढंच. त्यांच्या जोरावर निर्णय घेऊ नका.

आता तो दुसरा प्रश्न, उघड्या टोकाचा. ५० हर्ट्झला लाटेची लांबी सुमारे ६,००० किलोमीटर. घरातलं वायरिंग त्यापुढे टाचणीएवढं, म्हणून तिथे किरचॉफ चालतात. पण ३०० किलोमीटरची लाइन म्हणजे लाटेचा विसावा भाग. हानी बाजूला ठेवून हिशोब केला तर उघड्या टोकाला व्होल्टेज सुमारे पाच टक्के जास्त भरतो. हाच फेरांटी परिणाम. आपल्या चंद्रपूर-पडघे लाइनची लांबी ७५२ किलोमीटर. ती डीसी आहे, १९९९ पासूनची. समजा तेवढीच लाइन एसीवर, काहीही भरपाई न करता टाकली असती, तर लाटेचा आठवा भाग झाला असता आणि उघड्या टोकाला व्होल्टेज जवळजवळ १.४ पट. तारेभोवतीच्या जागेत साठणारी-परतणारी ऊर्जा हेच त्याचं कारण. म्हणजे फिजिक्सवाल्यांनी 'तिकडे विचारा' म्हटलेलं कोडं मॅक्सवेलचंच निघालं.

आता सल्ला, मागितलाय म्हणून. दुसरी पदवी घ्यायची की नाही हा तुमच्या खिशाचा आणि वेळापत्रकाचा प्रश्न आहे. आम्हा तिघांपैकी एकानेच ती पूर्ण केली. एक सबस्टेशनवर आहे, एक शिकवतो. नुसती हजेरी लावून, दोन्हीकडची गाइडं पाठ करून दोन कागद मिळतील, पण ती दोन दारं बंदच राहतील. याउलट एकाच पदवीत राहून एका सत्रात हे वाचून होईल : फाइनमन दुसरा खंड, प्रकरण २२ आणि २३. मग हेट यांचं पारेषण लाइनचं प्रकरण, सगळी गणितं हाताने. मग फाइनमन २४, जिथे लाइनपासून वेव्हगाइड होते. २५ आणि २६ सापेक्षतेची आहेत, ती आत्ता सोडा. शेवटी २७, आणि ते वाचताना शेजारी ग्रिफिथ्स यांचं समाक्ष केबलचं गणित सोडवून ठेवलेलं असू द्या. कुठल्याही सरांकडे गेलात तर ते गणित घेऊन जा, मत घेऊन जाऊ नका.

बॅटरीच्या आत काय होतं, असा प्रश्न आत्ता समोरून आलाय. तिथे सदिश बाहेर बोट दाखवतो. फळा पुसू नका, त्याच आकृतीवर करू.